पाळतीचे खेळ आणि खेळणाऱ्याची नीति

आजचा विषय कांहींसा चमत्कारिक वाटेल. 'व्हिडिओ गेम' या नांवानें जे पडद्यावरचे खेळ आतां घरोघर शिरले आहेत, त्यांत एक लहानसा वर्ग असा आहे कीं, तेथें धांवावयाचें नसतें, गोळी झाडावयाची नसते, मोटारही हांकावयाची नसते. खेळणाऱ्यानें फक्त पाहावयाचें. आणि तेंही अनोळखी माणसांना, त्यांच्या नकळत. एकाच्या खोलींत लपविलेल्या कॅमेऱ्यांतून, दुसऱ्याच्या खाजगी पत्रांतून, तिसऱ्याच्या दाराला असलेल्या किल्लीच्या भोकांतून पाहावयाचें, आणि जें दिसेल त्याचें काय करावयाचें तें ठरवावयाचें. आमच्या पातुरांत, अकोला-वाशीम रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गांवीं, असले खेळ कोण खेळणार, अशी शंका कोणाला येईल. त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, यांतले कांहीं खेळ मोबाईलवर मिळतात, आणि मोबाईल कोठें नाहीं?

मूळ प्रश्न मात्र जुना आहे, आणि त्याची उकल आपल्याच भाषेंतून करतां येते. मराठींत 'लक्ष ठेवणें' हा प्रयोग दोन अर्थांनीं चालतो. चार दिवस परगांवीं जातांना आपण शेजारच्या काकूंना 'घराकडे जरा लक्ष ठेवा' असें सांगतों, तेव्हां तो विश्वास असतो. 'त्या माणसावर लक्ष ठेवा' असें अंमलदार शिपायाला सांगतो, तेव्हां तो अविश्वास असतो. क्रियापद तेंच, बदललें तें केवळ एक शब्दयोगी अव्यय. आमच्या वऱ्हाडांत आणखी एक चांगला शब्द आहे, जागल. पीक हातीं येण्याच्या सुमारास रात्रीं शेतांत मचाणावर बसून डुकरांपासून व चोरांपासून त्याची राखण करावयाची, ती जागल. जागलीवरचा माणूस अधूनमधून हाळी देतो, डबा वाजवितो, शेकोटी पेटवितो. आपण जागे आहों व पाहत आहों, हें तो मुद्दाम सर्वांना कळूं देतो, कारण त्यांतच त्याचें अर्धें काम होऊन जातें. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणाऱ्या आजोबांचेंही तसेंच. त्यांचा जाच होतो हें खरें, आणि नव्या सुनेला तर तो फारच होतो. परंतु आजोबा स्वतःही उघड्यावर बसलेले असतात, आणि त्यांनीं कोणाकडे किती वेळ पाहिलें हें सारी आळी पाहत असते. पाळतीची गोष्ट निराळी. तेथें एकाला सर्व कांहीं दिसतें, आणि दुसऱ्याला आपण कोणाला दिसत आहों याची वार्ताही नसते. ज्या खेळांविषयीं मी बोलणार आहें, ते सारे थोड्याफार फरकानें या एकांगीपणावर उभे आहेत.

त्यांतला फार गाजलेला जुना खेळ म्हणजे १९९२ सालचा 'नाईट ट्रॅप'. तो 'डिजिटल पिक्चर्स' या अमेरिकन कंपनीनें काढला. एका घरीं मुक्कामाला जमलेल्या तरुण मुली, घरभर कॅमेरे, आणि चोरपावलांनीं आंत शिरणारे रक्तपिपासू घुसखोर. खेळणाऱ्यानें या खोलींतून त्या खोलींत नजर फिरवीत राहावयाचें आणि नेमक्या क्षणीं सापळा उघडावयाचा. ९ डिसेंबर १९९३ रोजीं अमेरिकन सिनेटच्या सुनावणींत या खेळावर सडकून टीका झाली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९९४ सालीं, कोणता खेळ कोणत्या वयाला योग्य याची श्रेणी ठरविणारी संस्था तेथें निघाली. टीकेचा मुख्य रोख होता तो हिंसेवर, विशेषतः स्त्रियांवरील हिंसेवर. मला त्या खेळांत अधिक बोचतें तें निराळेंच. खेळणारा येथें रक्षकाच्या भूमिकेंत आहे, आणि म्हणून पाहावें कीं पाहूं नये हा प्रश्नच त्याच्यापुढें येत नाहीं. नांव राखणीचें आणि मजा डोकावण्याची.

या प्रकाराला खरें वळण लागण्यास पुढें वीस वर्षें लागलीं. २०१३ सालीं ल्यूकस पोप या गृहस्थानें जवळजवळ एकट्यानें 'पेपर्स, प्लीज' हा खेळ रचला. तो पुरता पाळतीचा खेळ नव्हे. त्यांतली तपासणी उघड उघड चालते. पण त्यानंतरच्या अशा खेळांनीं त्याच्यापासून पुष्कळ उचललें, म्हणून त्याला वगळतां येत नाहीं. आर्स्टोट्झ्का नांवाच्या एका कल्पित हुकूमशाही राष्ट्राच्या सरहद्दीवरील नाक्यावर तुम्ही कारकून आहां. पारपत्र पाहावयाचें, छायाचित्र ताडून पाहावयाचें, शिक्का मारावयाचा. जितके प्रवासी निकालांत काढाल तितकी मजुरी. आणि घरीं बायको, मुलगा, सासू व काका यांचें अन्न, ऊब आणि औषध त्याच मजुरींतून भागवावयाचें. एके दिवशीं एक वृद्ध गृहस्थ येतो. त्याचे कागद चोख असतात. आपल्या मागून पत्नी येत आहे, असें तो सांगून जातो. पत्नी येते, आणि तिच्यापाशीं प्रवेशाचा परवाना नसतो. आतां तुम्ही काय करणार?

येथें या खेळाचा एक बारकावा फार विचार करावयास लावणारा आहे. रोजच्या पहिल्या दोन चुकांबद्दल नुसती ताकीद मिळते. तिसरीपासून पैसे कापले जातात. म्हणजे दया दाखविण्यास मनाई नाहीं, तिचा रोजचा शिधा ठरवून दिलेला आहे! त्या बाईला सोडावयाचें तर आज दुसऱ्या ठिकाणीं डोळ्यांत तेल घालून काम केलें पाहिजे. नीति ही पुष्कळदां मोठ्या निश्चयाची नसून अशा उरल्यासुरल्या शिलकीची बाब असते, हें मीं कीर्तनांत ऐकलें नव्हतें. याच खेळांत पुढें संशयित प्रवाशाचें कपड्यांआडचें शरीर दाखविणारें यंत्रही येतें. पहिल्यांदां ती कळ दाबतांना हात थबकतो. दहा प्रवाशांनंतर थबकत नाहीं. २०२२ सालीं हा खेळ मोबाईलवरही आला.

तीन वर्षांनीं, २०१६ सालीं, रशियांतील 'वॉर्म लॅम्प गेम्स' या मंडळीनें 'बिहोल्डर' काढला, आणि येथें पाळत पुरती गुप्त झाली. कार्ल नांवाचा गृहस्थ एका चाळीचा व्यवस्थापक म्हणून सरकारनें नेमला आहे. वरकरणी त्यानें दुरुस्त्या पाहावयाच्या व भाडेकरूंची सोय लावावयाची. खरें काम म्हणजे भाडेकरू बाहेर गेले कीं त्यांच्या खोल्यांत कॅमेरे बसवावयाचे, पेट्या उघडून पाहावयाच्या, आणि वर अहवाल धाडावयाचा. फर्मानें बदलत असतात. काल जी वस्तु घरांत ठेवणें निर्दोष होतें, ती आज गुन्हा ठरते. सांपडलेल्या गोष्टीवरून भाडेकरूला धमकावून पैसेही उकळतां येतात. हें कोण करील, असें आपण म्हणतों. आणि मग कार्लची लहान मुलगी आजारी पडते, औषध महाग असतें, मुलाच्या शिक्षणाचा खर्च उभा राहतो. खेळ रचणाऱ्यांनीं दुष्टपणाला घरसंसाराच्या दारानें आंत आणलें आहे, आणि तें दार आपल्या ओळखीचें आहे.

त्याच वर्षीं जर्मनींतील हँबुर्गच्या 'ऑस्मॉटिक स्टुडिओज'चा 'ऑर्वेल' आला. नांव अर्थात् त्या इंग्रज लेखकाचें, ज्याचा जन्म १९०३ सालीं आपल्या बिहारांत मोतीहारीस झाला आणि ज्याच्या १९४९ सालच्या कादंबरीनें पाळतीच्या राज्याला कायमचें रूप दिलें. खेळाच्या आरंभीं एका चौकांत बाँब फुटतो. तुम्ही एका सरकारी यंत्रणेचे निरीक्षक. संशयितांचीं पत्रें, संभाषणें, बँकेचे हिशेब सारें तुमच्या पडद्यावर. मात्र निर्णय घेणारा अधिकारी निराळा आहे, आणि त्याला तुम्ही वेंचून पाठवाल तेवढीच वाक्यें दिसतात. मित्रानें मित्राला थट्टेनें लिहिलेलें एखादें वाक्य तुम्ही उचलून पाठविलें, तर तिकडे तें थट्टा म्हणून पोंचत नाहीं, पुरावा म्हणून पोंचतें. दोन माहित्या परस्परविरुद्ध असतील तर त्यांतली एकच पाठवावयाची. खोटें एक अक्षरही न बोलतां माणसाचें आयुष्य उध्वस्त करतां येतें, केवळ निवडीनें, हें या खेळाइतकें स्पष्ट मीं दुसरीकडे पाहिलेलें नाहीं. आपल्या कौटिल्याला हा धोका ठाऊक होता. एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघा हेरांचें सांगणें जुळलें तरच तें विश्वासार्ह मानावें, असा नियम अर्थशास्त्रांत आहे. (त्याच अर्थशास्त्रांत हेरांना जोगी, व्यापारी, गृहस्थ अशीं सोंगें देऊन घरोघर पेरावें असेंही आहे, तेव्हां कौटिल्याला आपण लगेच डोक्यावर घेऊं नये.)

आणि मग २०१८ सालीं स्पेनमधील 'फिक्टिओरामा स्टुडिओज' यांचा 'डू नॉट फीड द मंकीज' आला. माकडांना खाऊं घालूं नका, असा नांवाचा अर्थ. एका गुप्त मंडळाचे तुम्ही सभासद होतां. मंडळ तुम्हांला अनोळखी माणसांच्या घरांतील कॅमेऱ्यांचीं दृश्यें देतें. प्रत्येक दृश्याला 'पिंजरा' म्हणतात. नियम एकच: आंतल्यांशीं संबंध ठेवूं नये. पण ठराविक मुदतींत आणखी पिंजरे विकत घ्यावे लागतात, नाहीं तर सभासदत्व जातें; आणि खेळणारा स्वतः दरिद्री आहे. भाडें थकलें आहे, भूक लागते, झोप अनावर होते, किरकोळ कामें करून पोट भरावें लागतें. या अवस्थेंत पडद्यावर एखादा माणूस संकटांत दिसतो. त्याला सावध करावें? त्याचें गुपित त्यालाच विकावें? कीं मंडळाच्या प्रश्नाचें उत्तर पाठवून पैसे घ्यावेत व गप्प बसावें?

मला हा खेळ आधींच्या सर्वांपेक्षां प्रामाणिक वाटतो. कार्लला सरकारची भीति होती, नाक्यावरच्या कारकुनाला घर चालवावयाचें होतें. येथें पाहा म्हणून कोणी दरडावलेलें नाहीं. येथें पाहणारा स्वतः पैसे मोजून पाहतो. आणि तेवढ्यावरच थांबला तर निर्दोष राहिला असें मंडळाचा नियमच सांगतो! नुसतें पाहिलें, कोणाचें कांहीं बिघडविलें नाहीं, ही सबब किती सोयीची असते.

असल्या खेळापुढें नाटक-कादंबरीचें काय, असें विचारणारे तरुण भेटतात. त्यांना मी विजय तेंडुलकरांचें 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचावयास सांगतों. 'रंगायन'नें तें १९६७ सालीं अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखालीं रंगभूमीवर आणलें. बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांची. एक हौशी मंडळी खेड्यांत प्रयोगाला येते, वेळ घालविण्यासाठीं लुटुपुटीचा खटला उभा करते, आणि आपल्यांतल्याच एका शिक्षिकेला आरोपी करते. आरंभीं सारी थट्टा. मग एकेकजण साक्षीला उभा राहून तिच्याविषयीं कधीं काय पाहिलें, काय ऐकलें तें सांगूं लागतो. सामंत नांवाचा त्या गांवचा साधा माणूस तर तिला त्यापूर्वीं ओळखतही नसतो. तो हातांतल्या कादंबरीच्या आधारानें साक्ष रचतो, आणि ती रचलेली साक्ष तिच्या आयुष्याला नेमकी जाऊन भिडते. शेवटीं मंडळी तिची समजूत घालतात कीं, हा तर नुसता खेळ होता. परक्याचें खाजगी जीवन हा खेळाचा विषय झाला म्हणजे काय होतें, याचा याहून निर्दय दाखला आपल्या भाषेंत मला ठाऊक नाहीं. फरक इतकाच कीं, नाटकांत आपण प्रेक्षागृहांत बसून त्या मंडळींचा तिटकारा करूं शकतों. पडद्यावरच्या खेळांत साक्ष देणारा आपणच असतों. कळ आपल्याच बोटाखालीं असते. 'मीं काय केलें असतें' या प्रश्नाला तेथें 'मीं काय केलें' असें उत्तर मिळतें. या खेळांची खरी किंमत तेथें आहे, आणि म्हणून त्यांना सरसकट वाईट ठरविणाऱ्यांशीं माझें जमत नाहीं.

परंतु याच खेळांत दोन लबाड्या आहेत, आणि त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं ओळखल्या पाहिजेत.

पहिली अशी कीं, खेळांतल्या प्रत्येक खिडकीमागें कांहीं ना कांहीं गुपित असतें. नसेल तर खेळ कोण खेळणार? खऱ्या जगांत शेजाऱ्याच्या खिडकींतून पाहिलें तर गृहस्थ जेवतो आहे, बाई तांदूळ निवडते आहे, मुलगा पाढे म्हणतो आहे, असेंच बहुधा दिसावयाचें. खेळ मात्र दर वेळीं संशयाला बक्षीस देतो. चार महिने असा अभ्यास झालेला मुलगा शेजारच्या खोलींतल्या नव्या भाडेकरूकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहील?

दुसरी लबाडी अधिक खोल आहे. खेळाला सत्य ठाऊक असतें. तुम्हीं चुकीच्या माणसाला पकडून दिलें, तर थोड्या वेळानें वर्तमानपत्राचा मथळा येतो, किंवा त्याची रिकामी खोली दिसते, आणि तुम्हांला तुमचा अपराध कळतो. जगांत पाळत ठेवणाऱ्याला हा हिशेब कधीं मिळत नाहीं. याचीं उदाहरणें आपल्याच इतिहासांत छापलेलीं आहेत. १९५७ व १९५८ सालीं मुंबई सरकारनें आपल्या दप्तरांतील कागदांवरून स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाच्या साधनांचे दोन खंड इंग्रजींत प्रसिद्ध केले. दुसऱ्या खंडांत १८८५ ते १९२० हा काळ येतो. टिळकांची चळवळ, सभा, भाषणें, गणेशोत्सव यांवर परक्या सरकारच्या पोलिसांनीं ठेवलेली नजर त्यांत वाचावयास मिळते. लिहिणारा ठाम असतो. आपलें कांहीं चुकलें असेल अशी शंका त्याला शिवत नाहीं, कारण त्याचें लिहिणें ज्याच्याविषयीं आहे त्याला तें कोणी दाखवीत नसे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांचे निकटचे सहकारी. त्यांच्यावरही सरकारची पाळत होती. हेच दादासाहेब वर्षानुवर्षें स्वतः रोजनिशी लिहीत असत. एकाच माणसाच्या आयुष्याच्या अशा दोन नोंदी, एक त्याच्या हातची व एक त्याच्या पाठीमागची, आणि दोघींची गांठ म्हणून कधीं पडावयाची नाहीं. ती गांठ घालून देण्याचें काम जर्मनीनें केलें. पूर्व जर्मनीच्या 'श्टाझी' या गुप्त पोलिसखात्याचीं दप्तरें १९९२ पासून ज्यांच्यावर पाळत होती त्यांनाच वाचण्यास खुलीं झालीं. आपल्याविषयीं कोणत्या मित्रानें, कोणत्या सहकाऱ्यानें खबर दिली, हें लोकांनीं स्वतः वाचलें. असें अन्यत्र क्वचितच घडलें आहे.

म्हणून खेळांतली नीति आणि जगांतली नीति यांची जागा एक नाहीं. खेळांत निवड असते ती पाहिल्यानंतरची: सांगूं कीं लपवूं, वांचवूं कीं विकूं. जगांत खरी निवड त्याच्या आधींच होऊन गेलेली असते. दाराशीं वांकून डोळा भोकाला लावावा कीं लावूं नये, तेथें. एकदां पाहिल्यावर मनुष्य कितीही शहाणपणानें वागला तरी तो शहाणपणा चोरीच्या मालावरचा असतो.

कायद्यानेंही ही सीमा आतां बरीच स्पष्ट केली आहे. एकांतांतील स्त्रीला तिच्या नकळत पाहणें किंवा तिचें चित्र घेणें हा २०१३ सालच्या दुरुस्तीनें स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तो ७७ व्या कलमांत आहे, आणि पहिल्याच अपराधाला एक ते तीन वर्षांची कैद आहे. चित्र घेण्यास तिची संमति होती, पण पसरविण्यास नव्हती, तरी पसरविणारा अपराधीच. त्याशिवाय २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला.

पण कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंतच चांगला चालतो. आंत काय? मुलीचा मोबाईल ती न्हाणीघरांत गेली असतां उघडून पाहणारी आई, मोलकरणीला न सांगतां स्वयंपाकघरांत कॅमेरा बसविणारे गृहस्थ, मुलाच्या फिरण्याचा माग ठेवणारें यंत्र त्याच्या फोनमध्यें गुपचूप घालणारे वडील: यांतला कोणीही स्वतःला दुष्ट समजत नाहीं. प्रत्येकाजवळ कार्लप्रमाणें चांगलें कारण असतें. लहान मुलांवर नजर ठेवूं नये असें मी म्हणत नाहीं. आठ वर्षांच्या मुलाची जागल केलीच पाहिजे. पण ती जागलीसारखी हाळी देऊन करावी. 'तुझा फोन मी आठवड्यांतून एकदां पाहणार आहें' असें सांगून पाहणारी आई आणि चोरून पाहणारी आई यांना कदाचित् एकच मजकूर दिसेल. मुलीला मात्र त्या दोन निरनिराळ्या आया दिसतात. आणि मुलगी सतरा-अठराची झाली, कीं सांगून पाहण्याचाही हक्क हळूहळू सोडावा लागतो. कठीण आहे, हें मला मान्य आहे.

आतां शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. हे खेळ मुलांना द्यावेत काय, असें मला विचारतात. चौदा-पंधरा वर्षांच्या आंत देऊं नयेत. 'बिहोल्डर' तर त्याहूनही उशिरां. मोठ्या मुलांना द्यावयाचे तर पहिला 'ऑर्वेल'ही नव्हे. 'अ नॉर्मल लॉस्ट फोन' हा फ्रान्समधील 'ॲक्सिडेंटल क्वीन्स' या मंडळीचा २०१७ सालचा छोटा खेळ द्यावा. कोणाचा तरी हरवलेला फोन आपल्या हातीं येतो. कुतूहलानें आपण निरोप वाचीत जातों, फोटो पाहतों, परवलीचे शब्द ताडतों, आणि सॅम नांवाच्या एका तरुण जीवानें घरच्यांपासून काय लपविलें होतें व कां, तें उलगडत जातें. खेळ पुरा व्हावयाचा तो मात्र त्या फोनमधलें सर्व कांहीं पुसून टाकल्यावर. जिंकल्याचा गजर नाहीं, गुण नाहींत. चार-पांच तासांच्या आंत तो संपतो. सारा मजकूर वाचावयाचा असल्यामुळें घरांतल्या कोणी तरी मुलाच्या शेजारीं बसावें, अडेल तेथें इंग्रजीचा अर्थ सांगावा, आणि पुसून टाकण्याच्या त्या कळीशीं तो आला म्हणजे घाई न करतां त्याला वेळ घेऊं द्यावा.